गिझर बदलायचा आहे: सहा हजारांचा घ्यावा की तेरा हजारांचा? (बेसा, नागपूर; बोअरचं पाणी)

बेसा_लेआउट

नमस्कार मंडळी. २५ लिटर, २ किलोवॅटचा जुना गिझर बदलायचा आहे. टाकीच गेली आहे. खालच्या झाकणात वायरीचं जे भोक असतं त्यातून तांबूस पाणी ठिबकतं. उघडून पाहिलं तर वेल्डिंगच्या जोडालगत गंजून छिद्र पडलेलं, म्हणजे दुरुस्तीचा विषय संपला.

घराची माहिती देतो म्हणजे उत्तर द्यायला सोपं जाईल. दोन मजली घर, गिझर खालच्या मजल्यावर. गच्चीवर १००० लिटरची टाकी, गिझरपासून तिचा तळ साधारण ५ मीटर उंच. प्रेशर पंप नाही. वापराचं सगळं पाणी बोअरचं. लॅबच्या रिपोर्टात टीडीएस (विरघळलेले एकूण क्षार) ७८०, एकूण कठीणपणा ४२०, क्लोराइड १९० (तिन्ही मिलिग्रॅम प्रति लिटर). माणसं चार, तिघं बादलीने आंघोळ करतात, एकाला शॉवर लागतो. वायर २.५ चौरस मिमी तांब्याची, सॉकेट १६ अँपिअरचं.

दोन भाव आलेत. सक्करदऱ्याला ६,२०० : स्टेनलेस स्टीलची टाकी, ४ स्टार, टाकीवर ५ वर्षं आणि बाकी मालावर २ वर्षं वॉरंटी. सीताबर्डीला १३,४०० : नावाजलेला प्रीमियम ब्रँड, ग्लासलाइन्ड (आतून काचेचा मुलामा दिलेली) टाकी, इन्कोलॉय या मिश्रधातूचं एलिमेंट (पाणी तापवणारी नळी), ५ स्टार, डिजिटल डिस्प्ले, टाकीवर ७ वर्षं. सीताबर्डीचा दुकानदार म्हणतो, वरचे सात हजार दोन हिवाळ्यांच्या बिलात निघून येतील. हे खरं आहे का? बोअरच्या पाण्याला कोणती टाकी टिकेल? आणि १५ लिटरमध्ये भागेल का?

युनिट_मोजणारा

दुकानदाराचं गणित आधी तपासू, कारण सात हजारांची गोष्ट तिथेच अडकली आहे.

२५ लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांवर न्यायला १.१६ युनिट लागतात. तो पाण्याचा गुणधर्म आहे, त्याला डब्यावरचं नाव कळत नाही. २ किलोवॅटचं एलिमेंट हे काम ३५ मिनिटांत करतं, मग ते सहा हजारांच्या गिझरमधलं असो की तेरा हजारांच्या. एलिमेंट पाण्यात बुडालेलं असतं, त्यामुळे त्याची जवळजवळ सगळी उष्णता पाण्यातच जाते. 'आमचं एलिमेंट कमी वीज खातं' असं कुणी म्हणालं तर पुढे ऐकू नका.

मग स्टार कशाचे? तापवून ठेवलेलं पाणी बंद टाकीत किती लवकर निवतं, त्याचे. लेबलवर 'स्टँडिंग लॉस' असा आकडा छापलेला असतो : टाकीतलं पाणी आणि बाहेरची हवा यांत ४५ अंशांचा फरक ठेवून २४ तासांत किती युनिट वाया जातात ते. दोन्ही डबे शेजारी ठेवून हा आकडा वाचा. मोकळ्या हाताने धरू की दोघांत ०.३ युनिटचा फरक आहे. गिझर दिवसरात्र चालू ठेवलात तर चार महिन्यांच्या हिवाळ्यात ३६ युनिट वाचतील. दहा रुपये युनिट धरला तरी ३६० रुपये. सात हजार दोनशे वसूल व्हायला वीस हिवाळे लागतील! आणि आपल्याकडे चोवीस तास गिझर ठेवतो कोण. सकाळी तासभर लावायचा आणि बंद करायचा. तसं असेल तर बचत चहाच्या कपात मावेल.

तेव्हा बिलासाठी प्रीमियम घेऊ नका. टाकी, एलिमेंट आणि सर्व्हिससाठी घ्यायचा की नाही, तो वेगळा प्रश्न आहे.

१५ की २५, तर २५ च. ६० अंशांचं पाणी आणि २० अंशांचं गार पाणी निम्मंनिम्मं मिसळलं की ४० अंशांचं, अंगावर घेण्याजोगं होतं. १८ लिटरच्या बादलीला ९ लिटर गरम पाणी. २५ लिटरच्या टाकीतलं पहिलं २० लिटर चांगलं कडकडीत मिळतं, नंतर खालून आलेलं गार पाणी मिसळायला लागतं. म्हणजे दोन बादल्या सलग, मग वीस-पंचवीस मिनिटं थांबायचं. शॉवर मिनिटाला ८-९ लिटर ओततो. पाच मिनिटांच्या शॉवरला २२ लिटर गरम पाणी, म्हणजे अख्खा गिझर. शॉवरवाल्याला शेवटचा नंबर द्या. १५ लिटरमध्ये तुमच्या घरी रोज सकाळी भांडण होईल. डिसेंबर २०१८ मध्ये नागपुरात पारा ३.५ अंशांवर उतरला होता. तशा सकाळी गच्चीवरच्या टाकीतलं पाणीही १२-१३ अंशांवर आलेलं असतं आणि हे सगळे आकडे आणखी घसरतात.

चुनखडी

तुमच्या पाण्याचा रिपोर्ट पाहून सांगतो : निवड ब्रँडची नाहीच, टाकीच्या धातूची आहे.

पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५०० मानकात कठीणपणाची इष्ट मर्यादा २००, आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालतं. तुमचा ४२०. रोज ६० लिटर पाणी गिझरमधून गेलं तर त्यात २५ ग्रॅम चुना विरघळलेला असतो. त्याचा दहावा भाग जरी आत बसला तरी चार महिन्यांत ३०० ग्रॅम, म्हणजे मोठी वाटीभर पांढरी खडी. ती आधी एलिमेंटवर बसते, कारण चुना सर्वांत गरम पृष्ठभागावर धरतो. एलिमेंटवर कवच चढलं की त्याची उष्णता बाहेर पडत नाही, नळी आतल्या आत तापते, शेवटी तडकते. तडकली की करंट पाण्यात.

इथे प्रीमियमच्या बाजूने पहिला मुद्दा. तांब्याच्या नळीपेक्षा इन्कोलॉय ८०० ची नळी जास्त तापमान सोसते, त्यामुळे कवचाखाली ती जास्त टिकते. पण कवच बसतं दोन्हींवर सारखंच. इन्कोलॉय म्हणजे चुना बसणार नाही, असा अर्थ काढू नका.

आता टाकी. सक्करदऱ्याची टाकी बहुधा ३०४ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलची असेल. १९० क्लोराइड पिण्याच्या पाण्याच्या हिशोबाने ठीक आहे, इष्ट मर्यादा २५० ची. पण गरम पाण्यात वेल्डिंगलगत ३०४ ला हेच क्लोराइड सुईच्या टोकाएवढे खड्डे पाडतं आणि वरून काही दिसत नाही. ३१६ प्रतीत मॉलिब्डेनम असतं, ती बरीच तग धरते. पण सहा हजारांत ३१६ मिळेल अशी आशा ठेवू नका. दुकानदाराला प्रत विचारा. 'एसएस म्हणजे एसएस' असं उत्तर आलं तर ३०४ किंवा त्याहून खालची समजा.

ग्लासलाइन्ड म्हणजे साध्या पोलादाच्या टाकीला आतून काचेचा मुलामा, भट्टीत साधारण ८५० अंशांना भाजलेला. पोलादाला पाणी लागूच नये हा हेतू. तरी मुलाम्यात कुठे ना कुठे सूक्ष्म छिद्रं राहतातच, विशेषतः नळ्यांच्या तोंडाशी. म्हणून आत मॅग्नेशियमचा दांडा टाकतात, त्याला अॅनोड म्हणतात. पोलादाऐवजी तो झिजतो. तो संपला की टाकीची राखण संपली, आणि त्यानंतर तेरा हजारांची टाकीही साध्या लोखंडासारखीच गंजते. टीडीएस ७८० म्हणजे पाण्यातून वीज सहज वाहते, दांडा भराभर झिजतो. कंपनीच्या पत्रकात दोनतीन वर्षं लिहिली असली तरी तुम्ही दरवर्षी उघडून पाहायचा.

एक बारीक गोष्ट. काचेचा मुलामा ठोक्याने तडकतो. डिलिव्हरीला खोक्याचा कोपरा चेपलेला असेल तर घेऊ नका, गिझर बाहेरून कितीही चकचकीत दिसो.

पाना_पक्कड

भाऊ, वरच्या दोघांनी बरोबर सांगितलं, पण लावणाऱ्याने माती केली तर दोन्ही गिझर सारखेच. म्हणून फिटिंगचं सांगतो.

तुमची टाकी ५ मीटरवर म्हणजे दाब अर्धा बार. बहुतेक गिझर ८ बार दाब सोसणारे असतात. '८ बार, हायराइजसाठी खास' म्हणून कोणी पैसे वाढवून राहिला असेल तर ते तुमच्या कामाचं नाही. दहाव्या मजल्यावर किंवा प्रेशर पंप असला तर पाहायचं.

गार पाण्याच्या तोंडाशी पितळेचा व्हॉल्व्ह बसवतात, मल्टिफंक्शन व्हॉल्व्ह. हा वेगळा निघतो, पिशवीत असतो, आणि पुष्कळदा फिटिंगवाला तो खिशात घालून जुनाच लावून जातो. नवा लावून घ्या. याची कामं तीन : पाणी उलटं जाऊ न देणं, दाब जास्त झाला तर सोडणं, आणि वरची टाकी रिकामी झाली तर गिझर ओढून रिकामा होऊ न देणं. गिझर रिकामा झाला आणि बटण चालू राहिलं तर एलिमेंट कोरडं जळते.

आता लोकं इथेच फसतात. २५ लिटर पाणी तापलं की फुगते, पावणेचारशे-चारशे मिलिलिटर जास्तीचं होते. ते मागे जाऊ शकत नाही, म्हणून व्हॉल्व्हच्या बारीक तोंडातून थेंब थेंब बाहेर येते. गिझर चालू असताना हे ठिबकणं बरोबर आहे. पण घरचे म्हणतात 'गळून राहिला', आणि प्लंबर त्या तोंडाला बूच ठोकून मोकळा होतो. मग ते फुगलेलं पाणी रोज टाकीला ताणते आणि वर्षा-दोन वर्षांत जोड सुटते. बूच कधीच नाही. तिथे पातळ नळी लावून मोरीत सोडा. गिझर बंद असताना, पाणी गार असतानाही दिवसभर ठिबकत असेल तर मात्र व्हॉल्व्हमध्ये कचरा आहे : काढून धुवा, नाहीतर बदला.

नळ्या उलट्या लागल्या तर काय होते? गरम पाण्याची नळी आत टाकीच्या माथ्यापर्यंत गेलेली असते, कारण गरम पाणी वर राहते. उलटं जोडलं की गार पाणी माथ्यावर पडते आणि बाहेर येते तळाचं. नळातून सुरुवातीपासूनच कोमट येते. मग लोक थर्मोस्टॅट बदलतात! निळी खूण गार, लाल खूण गरम, एवढं पाहून घ्या.

गरमच्या लाइनला सीपीव्हीसी (उष्णता सोसणारं प्लॅस्टिक) किंवा जीआय (जस्ताचा मुलामा दिलेलं लोखंड). साधा पांढरा पीव्हीसी लावला तर तो मऊ पडून वाकते. जोडाला स्टीलच्या जाळीची लवचिक नळी चालते; टेफलॉन टेप आट्यांच्या दिशेने दहा-बारा वेढे, आणि शेवटचं आवळताना गिझरची निपल दुसऱ्या पान्याने धरून ठेवा. नाहीतर पूर्ण ताकद टाकीच्या तोंडावर जाते, आणि काचेचा मुलामा सगळ्यात नाजूक तिथेच असते.

भिंत कशाची आहे? भरलेला २५ लिटरचा गिझर ३५ किलोच्या वर जातो. कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांच्या राखेची घट्ट वीट असेल तर १० मिमीचे लोखंडी फास्टनर पुरतात. पोकळ किंवा हलक्या एएसी ब्लॉकची भिंत असेल तर ते फास्टनर हळूहळू निघून येतात. तिथे आरपार बोल्ट टाकून मागून पट्टी द्या. जुनी भोकं नव्या पट्टीला क्वचितच जुळतात, मापं घेतल्याशिवाय ड्रिल लावू देऊ नका.

फेज_न्यूट्रल

विजेचं थोडक्यात. २ किलोवॅटला पावणेनऊ अँपिअर लागतात, तुमची २.५ ची वायर आणि १६ अँपिअरचा एमसीबी पुरेसा आहे. ३ किलोवॅटचं मॉडेल घेतलंत तर २५ लिटर ३५ ऐवजी २३ मिनिटांत तापतील, पण १३ अँपिअर सतत ओढेल. मग ४ चौरस मिमीची स्वतंत्र वायर ओढा. तुमच्या घरात २ किलोवॅटवरच थांबा.

जळतं ते बहुतेक सॉकेट. जुन्या सॉकेटच्या आतल्या पट्ट्या ढिल्या झालेल्या असतात, पिन नीट धरत नाहीत, आणि पावणेनऊ अँपिअरला तिथेच प्लॅस्टिक वितळतं. गिझर अर्धा तास चालवा, मुख्य स्विच बंद करा आणि प्लग काढून पिनांना हात लावा. चटका बसला तर सॉकेट आणि प्लग दोन्ही बदला. त्यापेक्षा बरं म्हणजे प्लगच नको, २० अँपिअरचा डबल पोल स्विच बसवून वायर थेट जोडा. आणि हा स्विच आंघोळीच्या पाण्यापासून दूर, जमल्यास बाथरूमच्या बाहेर.

३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) नसेल तर गिझरच्या आधी तो घ्या. एलिमेंट तडकलं आणि करंट पाण्यात उतरला तर एमसीबी पडणार नाही, कारण प्रवाह तेवढा नसतो. आरसीसीबी पडेल. त्यावर टेस्टचं बटण असतं, महिन्यातून एकदा दाबून पाहायचं. अर्थिंगही तपासून घ्या. उन्हाळ्यात इथे जमीन अशी कोरडी होते की मार्चनंतर अर्थिंगचा खड्डा नावालाच उरतो. त्यात पाणी घालत जा.

डिजिटल डिस्प्लेबद्दल एक मत. बाथरूमची वाफ आणि बारीक छापील सर्किट यांचं जमत नाही. साधा गोल खटका असलेला थर्मोस्टॅट बिघडला तर कोणताही मिस्त्री अर्ध्या तासात बदलून देतो. डिस्प्लेचा बोर्ड गेला तर कंपनीच्या माणसाची वाट पाहायची आणि किंमत तो सांगेल ती. पाणी ५५ अंशांवर आहे की ५७ वर, हे कळून आंघोळीत फरक पडत नाही.

हिशोबी

तुम्ही सहा आणि तेरा असे दोनच पर्याय ठेवलेत, मधला रस्ता राहिला. बजाज, क्रॉम्प्टन, हॅवेल्स, व्ही-गार्ड यांच्याही काही मॉडेलांत ग्लासलाइन्ड टाकी मिळते, साधा थर्मोस्टॅट असलेली, आठ-नऊ हजारांच्या घरात. ए. ओ. स्मिथ आणि रॅकोल्डमध्येही डिस्प्ले नसलेली खालची मॉडेल असतात, तीही पाहा. (आणि 'इंपोर्टेड आहे' म्हणून कोणी भाव चढवत असेल तर हसून सोडा. रॅकोल्ड इटलीच्या अरिस्टनची असली तरी कारखाना चाकणला आहे, ए. ओ. स्मिथचा बंगळुरूजवळ.)

माझं मत : ग्लासलाइन्ड, साधा खटका, ८ बार, २ किलोवॅट. वाचलेल्या चार हजारांत आरसीसीबी, नवा व्हॉल्व्ह, जाळीच्या नळ्या आणि पुढच्या चार-पाच वर्षांचे अॅनोड येतात. तेरा हजारांचा घेऊन अॅनोडकडे ढुंकूनही न पाहणाऱ्यापेक्षा हा गिझर जास्त चालेल.

आयएसआयची खूण दोन्हींवर असेलच, ती सक्तीची आहे. पण ऑनलाइन स्वस्त मालाचं एकदा तपासा : खुणेखाली सीएम/एल आणि पुढे आकडा असतो, तो बीआयएस केअर अॅपमध्ये घातला की परवाना कोणाच्या नावावर आहे ते दिसतं. वर आयएस २०८२ लिहिलेलं हवं.

वॉरंटीच्या आकड्यावर भाळू नका, मागचं पान वाचा. 'टाकीवर ७ वर्षं' यात टाकी मिळते. उतरवणं, वाहतूक, पुन्हा बसवणं बहुधा तुमच्या खिशातून. पाण्याच्या कठीणपणाची किंवा टीडीएसची मर्यादा लिहिली आहे का, आणि अॅनोड वेळेवर बदलल्याची पावती मागतात का, हे दोन मुद्दे शोधा. तुमच्या ४२० ला सात वर्षांचं आश्वासन कागदावरच राहू शकतं. आणि पैसे देण्यापूर्वी कंपनीच्या टोल फ्री नंबरवर फोन लावून बेशाचा पिनकोड सांगा. त्या भागात माणूस पाठवतात का, अॅनोड आणि गॅस्केट स्टॉकमध्ये ठेवतात का, एवढंच विचारा. उत्तर देताना जो अडखळतो त्याचा गिझर यादीतून काढा.

बेसा_लेआउट

सर्वांचे आभार. पाण्याचा रिपोर्ट दाखवला तर सक्करदऱ्याच्या दुकानदाराने स्वतःच सांगितलं, ही टाकी ३०४ ची आहे, बोअरला ग्लासलाइन्ड घ्या. त्याच्याकडेच साध्या थर्मोस्टॅटचं मॉडेल ८,९०० ला आहे, टाकीवर ५ वर्षं. सर्व्हिसवाल्यांना फोन केला, बेशाला येतात. म्हणजे बहुतेक तोच.

आता दोन शंका. अॅनोड उघडून पाहायचा म्हणजे नेमकं काय करायचं? आणि मार्च ते ऑक्टोबर गिझर बंदच असतो. उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणीच हात भाजेल इतकं तापतं. तेवढे महिने गिझर रिकामा करून ठेवावा का?

(कुणीतरी मेसेज करून गॅस गिझर सुचवलाय, त्याबद्दलही सांगा.)

चुनखडी

गॅस गिझर बंद बाथरूममध्ये मुळीच नको. जळण्यासाठी तो खोलीतला प्राणवायू खातो, तो कमी पडला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही. लावायचाच तर बाहेर मोकळ्या हवेत.

अॅनोडचं सविस्तर सांगतो. दिवाळीच्या आधी, पहिल्यांदा गिझर लावण्यापूर्वी हे काम करा. एलिमेंट भिजवण्याचा वेळ सोडला तर घटकाभराचं आहे.

मुख्य स्विच बंद, एमसीबीही खाली. गार पाण्याची लाइन बंद, गरम पाण्याचा नळ उघडा, व्हॉल्व्हची कळ उचलून किंवा गारची नळी सोडवून टाकी रिकामी करा. खाली परात नको, बादली ठेवा, पंचवीस लिटर येणार आहे. खालचं प्लॅस्टिकचं झाकण काढलं की मधोमध गोल चकती दिसेल, तिच्यावर एलिमेंटची टोकं आणि थर्मोस्टॅट. वायरी काढण्याआधी मोबाइलने फोटो घ्या. थर्मोस्टॅट हळूच ओढून बाहेर काढा. मग चकतीचे बोल्ट सोडवा.

चकती खाली येते तेव्हा तिच्यासोबत एलिमेंट आणि दांडा दोन्ही येतात. काही मॉडेलांत दांडा वेगळा बसवलेला असतो. दांडा नवा असताना बोटाएवढा जाड आणि गुळगुळीत असतो. झिजल्यावर उंदराने कुरतडल्यासारखा दिसतो, आणि शेवटी मधली लोखंडी तारच उरते. निम्म्याच्या खाली उतरला असेल, किंवा तार कुठेही उघडी पडली असेल, तर बदला. जाडी आणि आटे मॉडेलप्रमाणे वेगळे, म्हणून जुना सोबत नेऊन तसाच आणा. चारपाचशे रुपयांची वस्तू आहे. दांड्यावर कवच चढलं असेल तर तेही खरवडून काढा, नाहीतर तो झिजणार नाही आणि टाकीच गंजेल. दांडा नव्यासारखा दिसतोय म्हणून खूश होणारे इथेच चुकतात.

एलिमेंटवरचं कवच हातोडीने फोडू नका, नळीला बारीक चीर जाते. एक लिटर कोमट पाण्यात ५० ग्रॅम लिंबूसत, किराणा दुकानात मिळतं ते. एलिमेंटचा फक्त तापणारा भाग त्यात दोनतीन तास बुडवा, टोकं कोरडी ठेवा. फेस थांबला की ब्रशने धुवा. संडास साफ करायचं ॲसिड वापरणारे खूप आहेत. ते चुन्याबरोबर धातूही खातं. टाकीत हात घालून तळाची खडी काढा, मग पाणी सोडून दोनदा धुऊन घ्या.

बसवताना गॅस्केट नवंच. जुनं एकदा दबलं की त्याची ताकद गेली, आणि आज गळालं नाही तरी महिन्याने गळेल. बोल्ट समोरासमोरचे आळीपाळीने थोडे थोडे आवळा, एकाच बाजूने नाही.

थर्मोस्टॅट ५५ ते ६० च्या मध्ये ठेवा. ६० च्या वर चुना फार वेगाने सुटतो.

पाना_पक्कड

उन्हाळ्याचं मी सांगतो. रिकामा करून ठेवू नका. ओली टाकी आणि आत हवा म्हणजे गंजाला आमंत्रण, आणि दांडा पाण्यात नसला तर तो राखण कशी करणार? भरलेला राहू द्या, बटण बंद. पंधरा दिवसांतून एकदा गरमचा नळ उघडून बादली-दीड बादली पाणी वाहू द्या.

ऑक्टोबरात पहिल्यांदा उघडल्यावर सडक्या अंड्यासारखा वास आला तर घाबरू नका. थांबलेल्या बोअरच्या पाण्यात जंतू वाढतात, मॅग्नेशियमच्या दांड्यासोबत हा वास येते. एकदा थर्मोस्टॅट पूर्ण वर करून तापवा, सगळं पाणी काढून टाका, परत मधे आणा. दोन वेळा केलं की जाते.

आणि बसवल्यावर पहिल्या दिवशी : आधी गरमचा नळ उघडा, मग गारची लाइन सोडा. सुरुवातीला हवा फुसफुसत येईल, नंतर थांबून थांबून पाणी. सलग धार लागली आणि खालच्या जोडांना कोरडा कागद लावून पाहिला, ओला झाला नाही, की मगच बटण दाबा. तेवढ्यात फिटिंगवाला घाई करून राहिला तर त्याला चहा द्या, पण बटण दाबू देऊ नका. जुना गिझर भंगारात देताना पितळेचे नटबोल्ट आणि तांब्याचं एलिमेंट वेगळं काढून वजन करा, नाहीतर सगळं लोखंडाच्या भावात जाते.